शुल्क कशाला, कुलूप कशाला: आयात इलेक्ट्रिक गाड्यांचा हिशेब

न्हावा शेवाच्या गोदीत उतरलेली एक परदेशी बनावटीची इलेक्ट्रिक कार घेऊ. विमा आणि जहाजभाडं धरून तिचं मूल्य ३५ लाख रुपये. डॉलर ९० रुपयांचा मानला तर हे ४० हजार डॉलरच्या आत बसतं, म्हणून सीमाशुल्क ७० टक्के, म्हणजे साडेचोवीस लाख. झाले साडेएकोणसाठ. त्यावर ५ टक्के आयजीएसटी, सुमारे तीन लाख. फाटकाबाहेर येते तेव्हा गाडी साडेबासष्ट लाखांची. विक्रेत्याचा नफा, विमा, नोंदणी अजून धरलेलीच नाही.

आता त्याच गाडीत जरा मोठी बॅटरी टाका आणि मूल्य ३७ लाख होऊ द्या. ४० हजार डॉलरची रेघ ओलांडली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने या वरच्या गटाचं मूळ शुल्क १०० वरून ७० टक्क्यांवर आणलं. ऐकायला मोठी कपात. पण सोबत ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसला, म्हणजे एकूण आकडा आधी होता तोच, ११० टक्के. या हिशेबाने ३७ लाखांची गाडी आयजीएसटीसकट साडेएक्क्याऐंशी लाखांना पडते. मूळ मूल्यात दोन लाखांचा फरक, फाटकाबाहेर एकोणीस लाखांचा. कुठलं मॉडेल भारतात पाठवायचं आणि कुठलं नाही, हे ठरवताना कंपन्यांची नजर या रेघेवर असणार, यात नवल नाही. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत मॉडेल वाय ५९.८९ लाखांपासून विकायला काढली, ती रेघेच्या अलीकडच्या बाजूची. आणि ती येते शांघायच्या कारखान्यातून. नाव अमेरिकी, जुळणी चिनी.

इथेच गोंधळाला सुरुवात होते. आयात इलेक्ट्रिक गाड्यांवर बोलताना दोन वेगळी दुखणी एकाच पिशवीत कोंबली जातात. एक, बाहेरची स्वस्त गाडी आली तर इथला कारखाना आणि त्यामागचे शेकडो पुरवठादार बसतील. दुसरं, चाकांवरचा हा संगणक बाहेरून कुणी चालवेल किंवा इथली माहिती बाहेर नेईल. पहिल्यावर औषध शुल्काचं. दुसऱ्यावर शुल्काचा काडीचा उपयोग नाही. ७० टक्के भरून आलेली गाडी तेवढीच माहिती पाठवते, जेवढी शून्य टक्क्यांवर आलेली पाठवली असती.

बाकीच्या देशांनी काय केलं ते पाहिलं की फरक लगेच कळतो. अमेरिकेने सप्टेंबर २०२४ पासून चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं जादा शुल्क २५ वरून १०० टक्के केलं. ती भिंत आहे, हिशेब नव्हे. युरोपीय संघाने वर्षभर चौकशी करून कंपनीगणिक सरकारी अनुदान मोजलं आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस पाच वर्षांसाठी दर ठरवले: चिनी बीवायडी १७ टक्के, गिली १८.८, सैक ३५.३, शांघायहून येणारी टेस्ला ७.८. हे सगळं नेहमीच्या १० टक्क्यांवर. ज्याला सरकारने जेवढं पोसलं तेवढं कापून घ्यायचं, असा त्यामागचा तर्क. पटो न पटो, आकडा कुठून आला ते तरी दाखवता येतं.

या दोन्ही गोष्टी शुल्काच्या. सुरक्षेसाठी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये वेगळाच नियम केला आणि त्यात टक्केवारी कुठेच नाही. चीन किंवा रशियाशी संबंध असलेल्यांनी बनवलेलं, गाडीला बाहेरच्या जगाशी जोडणारं सॉफ्टवेअर आणि गाडी आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर २०२७ च्या मॉडेलपासून बंद. जोडणीचं हार्डवेअर २०३० च्या मॉडेलपासून बंद. गाडी पेट्रोलची असो वा विजेची, आणि चिनी मालकीच्या कंपनीने ती अमेरिकेतच बनवली तरीही. विजेवर चालण्याचा आणि हेरगिरीचा थेट संबंध नाही, हे त्या नियमाने निदान सरळ मान्य केलं. इलेक्ट्रिक गाड्या या वादात पुढे दिसतात, कारण त्यांत नवं सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त असतं आणि बॅटरीच्या साखळीवर चीनचा ताबा आहे.

आपल्याकडचं चित्र जरा गमतीचं आहे. एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ नुसार जमिनीवरून सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी लागते. २०२३ मध्ये बीवायडीने हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगबरोबर अब्ज डॉलरचा कारखाना काढायचा प्रस्ताव दिला, तो नाकारला गेला. बीवायडीच्या गाड्या मात्र शुल्क भरून विकत मिळतात. कारखान्याला बंदी आणि गाडीला वाट. धोका माहितीचा असेल तर तो रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत आहे. पत्रे दाबणारं प्रेस मशीन कुठला डेटा पाठवणार? आणि धोका पैशाच्या ताब्याचा असेल, तर तसं उघड म्हणावं. उलट बाजूने पाहा: गुजरातेत हलोलला बनणारी एमजीची विंडसर मुळात चिनी वुलिंगच्या गाडीवर बेतलेली. भारतात बनते म्हणून तिला पूर्ण गाडीचं आयात शुल्क नाही. म्हणून ती धोक्याची असं अजिबात नाही, पण तपासायचंच असेल तर तिलाही तेच प्रश्न विचारावे लागतील जे गोदीतल्या गाडीला.

ते प्रश्न कुठल्या भागाला विचारायचे ते जवळून पाहू.

डॅशबोर्डखाली, मागच्या सीटखाली किंवा छताच्या आतल्या बाजूला एक डबा असतो, टेलिमॅटिक्स कंट्रोल युनिट, टीसीयू. त्यात मोडेम, जीपीएस आणि बहुतेक वेळा बोर्डवरच सोल्डर केलेलं ई-सिम. हे सिम मोबाइलसारखं काढून फेकता येत नाही. डब्याला स्वतःची छोटी बॅटरीही असते, म्हणून १२ व्होल्टची तार काढली तरी काही काळ तो जागाच. टीसीयूची तार गेटवेकडे जाते आणि गेटवेच्या पलीकडे गाडीचं अंतर्गत जाळं: मोटर कंट्रोलर, बॅटरी सांभाळणारं बीएमएस, ब्रेक, दरवाजे. सगळी मेख या गेटवेत. बाहेरून आलेला कुठला संदेश आत जाऊ द्यायचा हे तो ठरवतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकी दूर बसून ताब्यात घेतली, ती मोबाइल नेटवर्कवरून मनोरंजन यंत्रणेत शिरून आणि तिथून आतल्या कॅन जाळ्यावर संदेश टाकून. १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गाडी अमेरिकी, फोडणारेही अमेरिकी.

टीसीयूचा फ्यूज काढून टाका असा सल्ला हमखास मिळतो. काढता येतो. मग चूक-दिवा लागतो, ॲप बंद पडतं, दूरून येणारे अपडेट थांबतात, आणि काही मॉडेलमध्ये माइक-स्पीकरची वायरिंग त्याच डब्यातून गेलेली असल्याने फोनवर बोलणंही जातं. वॉरंटीवरून वाद होतो तो वेगळा. सुरक्षेतल्या चुका दुरुस्त करणारे अपडेटही त्याच वाटेने येतात, हे विसरू नये. २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा चक्रीवादळ येताना टेस्लाने काही गाड्यांची सॉफ्टवेअरने अडवून ठेवलेली बॅटरी दूरून मोकळी करून दिली, लोकांना पळून जायला जादा पल्ला मिळाला. चांगलं काम झालं. पण जो दूरून पल्ला वाढवू शकतो तो कमीही करू शकतो.

या बाबतीत सगळ्यात उपयोगी काम २०२५ मध्ये ओस्लोच्या रुटर या वाहतूक संस्थेने केलं. त्यांनी चिनी युटाँगची बस आणि डच व्हीडीएलची बस डोंगराच्या पोटातल्या खाणीत नेली, म्हणजे बाहेरचे सिग्नल आडवे येणार नाहीत, आणि दोन्ही तपासल्या. कॅमेरे इंटरनेटला जोडलेले नव्हते, त्यामुळे चित्रं बाहेर जाण्याची भीती निराधार निघाली. युटाँगच्या बसमध्ये मात्र रोमानियाच्या सिममार्फत बनवणाऱ्याला अपडेट, तपासणी आणि बॅटरीच्या वीजनियंत्रणापर्यंत पोच होती. तत्त्वतः बस थांबवता आली असती. व्हीडीएलच्या बसला दूरून अपडेटची सोयच नव्हती. रुटरने बस मोडीत काढल्या नाहीत. खरेदीच्या अटी कडक केल्या आणि अपडेट बसपर्यंत पोचण्याआधी अडवून पाहता यावेत अशी सोय करायला घेतली. ‘चिनी आहे, नको’ आणि ‘स्वस्त आहे, घ्या’ या दोन आरोळ्यांपेक्षा ही पद्धत कितीतरी शहाणी.

देशाच्या नावावरून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी पडलेली सापडली. त्यातल्या बऱ्याच गाड्या कुठे उभ्या होत्या हे बारकाईने दिसत होतं. परकी सरकारचा हात नाही, फक्त ढिसाळपणा.

नाशिककरांना हा विषय दूरचा वाटायचं कारण नाही. देवळालीचं तोफखान्याचं स्कूल, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, नाशिक रोडचे नोटा आणि मुद्रांक छापणारे छापखाने, सगळे रोजच्या वाहतुकीच्या रस्त्यांना लागून. चीनने २०२१ मध्ये आपल्या लष्करी आवारांत टेस्लाला मज्जाव केला, तो गाडीच्या कॅमेऱ्यांमुळेच. मग टेस्लाने तिथला डेटा शांघायमध्येच साठवायची व्यवस्था केली आणि २०२४ मध्ये निर्बंध सैल होऊ लागले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की रस्त्यावरून फिरत चित्रं घेणारं सर्वेक्षण फक्त भारतीय संस्थांनी करायचं, अचूकता कितीही असो. एक मीटरपेक्षा बारीक नकाशे परकी कंपन्यांनी स्वतः बनवायचे नाहीत. आता आठ कॅमेरे लावून गंगापूर रोड ते देवळाली रोज ये-जा करणारी खासगी गाडी त्या चित्रांतले तुकडे सर्व्हरला पाठवत असेल, तर ती नेमकी काय करतेय? सर्वेक्षण करायला भारतीय संस्था लागते, गाडीला आरसी बुक पुरतं.

आणि आपल्याकडे नियम करायची पद्धत तयार आहे, ही त्यातली खंत. जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना उपकरणं ‘विश्वासू स्रोतां’कडूनच घ्यावी लागतात. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली. सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याची एवढी झडती, आणि फाटकातून आत येणाऱ्या कॅमेऱ्यांच्या ताफ्याची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर१५५ आणि आर१५६ या वाहन नियमांच्या धर्तीवर एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानकं आपल्याकडे तयार केली आहेत, पहिलं सायबर सुरक्षेचं, दुसरं अपडेटचं. चांगली आहेत. पण कंपनीची पद्धत आणि गाडीचा बंदोबस्त नीट आहे का, एवढंच ती पाहतात. गाडीत दूरून शिरायची डिजिटल किल्ली कुठल्या देशात ठेवली आहे, हा प्रश्न त्यांच्या चौकटीबाहेरचा.

तोवर पाच-पन्नास गाड्या एकदम घेणाऱ्याने, मग ती कामगारांची ने-आण करणारी कंपनी असो वा सिंहस्थासाठी जादा बस भाड्याने देणारा ठेकेदार, खरेदीआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. सिम कुठल्या ऑपरेटरचं, सर्व्हर कुठे. बनवणारा दूरून देऊ शकतो त्या सगळ्या आदेशांची यादी. चालणं, चार्जिंग आणि कुलूप यांना हात लावणारे आदेश वेगळे दाखवून. अपडेट तुमच्या होकाराशिवाय बसणार नाही, आधी दोन गाड्यांवर बसेल, आठवड्याने बाकीच्यांवर, आणि बिघडलं तर जुनी आवृत्ती परत टाकता येईल. कंपनी बुडाली तर तपासणीचं सॉफ्टवेअर आणि किल्ल्या कुणाकडे जातील, हे तर पहिल्या पानावर हवं. जून २०२४ मध्ये अमेरिकी फिस्कर दिवाळखोरीत गेली, उरलेल्या गाड्या न्यूयॉर्कच्या एका भाडेकंपनीने घेतल्या आणि मग कळलं की त्या जुन्या सर्व्हरवरून दुसरीकडे हलवणं सोपं नाही. शत्रूची गरजच पडली नाही.

एक चाचणी कुणालाही करता येते. नमुन्याची गाडी मोबाइलची रेंज अजिबात नसलेल्या तळघरात तीन दिवस ठेवा. मग चालू करा, दरवाजे किल्लीने उघडा, साध्या एसी चार्जरवर चार्ज करा, वातानुकूलन आणि वायपर लावून पाहा. सर्व्हरची परवानगी मिळाली नाही म्हणून यातलं एकही काम अडलं, तर ती गाडी तुमची नाही, तुम्ही तिचे भाडेकरू आहात. कसाऱ्याच्या घाटात रेंज गेल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता शुल्काकडे परत, कारण नाशिकच्या पोटापाण्याचा प्रश्न तिथे आहे. शुल्काची भिंत एका बाजूची असते. आत येणारं अडवता येतं. समोरच्याने द्यायचंच थांबवलं तर भिंत बघत बसायचं. हे लासलगावला समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४ मध्ये उठवली ती टनामागे ५५० डॉलरच्या किमान दराची अट घालून. गिऱ्हाईक तेवढ्यात दुसरीकडे वळतं. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला, तेव्हा आपण गिऱ्हाइकाच्या जागी होतो. कारच्या एका मोटरला हे चुंबक लागतं किलो-दोन किलो. त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम असतं, म्हणून मोटर तापली तरी चुंबकत्व टिकतं. ते नसलं तर घाट चढताना मोटर कायमची कमजोर होऊ शकते. चुंबकाशिवायची मोटर बनते, इंडक्शनची किंवा रोटरला तार गुंडाळलेली. पण रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बदलला की मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचं सॉफ्टवेअर बदलतं, थंड करायची व्यवस्था बदलते आणि गाडीची मान्यता पुन्हा घ्यावी लागते. आठवड्यांत होणारं काम नाही. परवान्याची अट चुंबकावर होती, पूर्ण मोटरवर नव्हती. म्हणून काहींनी मोटरच आयात करायचा विचार सुरू केला, म्हणजे स्वदेशीच्या धोरणाची नेमकी उलटी दिशा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशात चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांची. ते चुंबक बाजारात यायला वेळ लागेल.

सातपूर-अंबडची मोठी हयात डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांत गेली. इंजेक्टर, नोझल यांना इलेक्ट्रिक गाडीत जागा नाही. पण याच शहरात स्विचगिअरची चांगली परंपरा आहे, आणि काँटॅक्टर (मोठा वीजप्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच), बसबार, हाय व्होल्टेज जोडण्या, डीसी चार्जरचं पॅनल ही त्याच हाताची कामं. शुल्काने संरक्षण मिळतं ते या जागेला, पण सरकारी प्रोत्साहनाच्या साखळीत बसायचं तर ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धनाचा आकडा पार करावा लागतो. २०२१ च्या २५,९३८ कोटींच्या वाहन पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजनेची अट तीच.

सूत्र सोपं आहे: विक्री किंमत वजा आयात माल, भागिले विक्री किंमत. घसरतं ते इथे. समजा काँटॅक्टर हजार रुपयांना जातो, त्यात थेट आयात केलेला माल ४३० रुपयांचा. कागदावर ५७ टक्के, सगळे खूश. मग गिऱ्हाईक कंपनीचा तपासनीस विचारतो, हे ९० रुपयांचे चांदीचे टिप आणि छोटे चुंबक कुठून? मुंबईच्या व्यापाऱ्याकडून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर. पण बिल मुंबईचं असलं तरी माल चीनमधल्या निंगबोचा. आयात ५२०, आकडा ४८. वरच्या कंपनीचं प्रोत्साहन तुमच्या एका भागामुळे अडकलं, की पुढची ऑर्डर विसरा. रुपया घसरला तरी हेच होतं: आयात ४८५ असेल तर आज साडेएक्कावन्न टक्के, डॉलर चार टक्क्यांनी महागला की ५० च्या खाली. म्हणून ५५-५६ च्या खाली आखणीच करू नये. व्यापाऱ्याकडून माल घेताना त्याच्या बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या सीमाशुल्क कागदाची) प्रत किंवा देशी उत्पादकाचं पत्र, दोन्हींतलं एक त्याच दिवशी फाइलला लावून घ्यावं. सहा महिन्यांनी मागितलं तर व्यापारी फोन उचलत नाही.